गुळगुळीत कागद

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय दादा,

बाबांना दिसत नाही. आज सकाळी डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून तसं स्पष्ट सांगितलं. उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो, दारात कुणी येऊन उभं राहिलं तर सावली हलल्यासारखी वाटते, बाकी काही नाही. आणि हे आजकालचं नाही. कित्येक वर्षांचं आहे.

पत्राची सुरुवात अशी करू नये, हे कळतं मला. आधी खुशाली विचारावी. तर विचारते. तू कसा आहेस? वहिनीला नमस्कार. छकुलीला खूप पापे. आता धावते का ती? फार पडते का? दिवेलागणीला खेळून घरात येताना चाचपडत तर नाही ना? असंच विचारलं. आई बरी आहे. मी बरी आहे.

फोनवर ‘बाबा’ एवढा शब्द आला की तू “बरं, ठेवतो” म्हणतोस, म्हणून पत्र. कागद असा मध्येच ठेवून देता येत नाही. फाडता येतो, पण फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच.

मी सध्या कुठे काम करते, हे तुला माहीत नसेल. अंध लोकांसाठीचं एक केंद्र आहे, तिथे एक अभ्यास चालू आहे आणि मी त्यात चाचण्या घेते. काम सोपं आहे. लाकडी ट्रेमध्ये रोजच्या वापरातल्या वस्तू असतात. चावी, कंगवा, चहाची गाळणी, कपड्यांचा चिमटा, शिट्टी, नळाचा वॉशर, असलं काहीबाही. समोरच्या माणसाने हाताने चाचपून वस्तूचं नाव सांगायचं. तीन तऱ्हेची माणसं येतात. जन्मापासून न दिसणारी, मोठेपणी नजर गेलेली आणि डोळस. डोळसांच्या डोळ्यांवर आम्ही काळी पट्टी बांधतो. कोणाचे हात कसे ओळखतात, हे बघायचं.

आमच्या प्रमुख जन्मांध आहेत. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. मोठ्या मिश्कील आहेत. लहानपणी त्यांना कुणीतरी प्लास्टिकचा जिराफ आणून दिला होता. त्यांनी सगळीकडून हात फिरवला आणि म्हणाल्या, “शिडी चांगली आहे, पण वरच्या पायऱ्या मोडल्यात.” नव्या माणसाला त्या हा किस्सा हटकून सांगतात. म्हणजे मग चुकायची भीती जाते.

डोळस माणसं पट्टी बांधल्यावर कशी वागतात, हे मला आता पाठ झालंय. वस्तू चावेल की काय, अशी दोन बोटांत धरतात. मान वर करतात. “थांबा थांबा, सांगू नका, येतंय येतंय” असं म्हणतात. काही जण वास घेऊन बघतात. आणि पट्टी काढली की प्रत्येकजण, अगदी प्रत्येकजण, सगळ्यात आधी ट्रेकडे बघतो. “हात्तिच्या, गाळणी होय!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मीच आधी म्हणून टाकते.

गेल्या गुरुवारी बाबा तिथे आले होते. केंद्रातल्या कपाटाची कडी तुटली होती. मी घरी सहज बोलले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानातली नवी कडी खिशात घालून हजर. बरोबर आई. (ती हल्ली बाबांना कुठेही एकटं सोडत नाही. मी तिला यावरून चिडवत असे.) कडी त्यांनी बघता बघता बसवली. तेवढ्यात त्या दिवशीच्या डोळस पाहुण्याचा निरोप आला, की मला जमत नाही. बाई म्हणाल्या, “काकांनाच बसवू या की.”

आई लगेच म्हणाली, “नको हो, दुकान उघडायचंय. चला, निघू या.”

“बसतो की,” बाबा म्हणाले. “आंधळी कोशिंबीर खेळून जमाना झाला.”

मी स्वतः त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. दादा, बाबांनी खांदे सैल सोडले. खुर्चीत इतके निवांत बसलेले बाबा मी फार दिवसांत पाहिले नव्हते. मी पहिली वस्तू द्यायच्या आत त्यांनी ट्रेच्या चारी कडांवरून एकदा हात फिरवून घेतला. मग सुरू झाले.

“चावी. कपाटाची आहे, दाराची नव्हे.”

“चिमटा. याची स्प्रिंग ढिली झालीय, बदला.”

“कंगवा. वॉशर. गाळणी, हिची जाळी दांड्यापाशी सुटत आलीय. शिट्टी. वाजवू का?”

मी हसत होते, लिहून घेत होते आणि मनातल्या मनात मिरवत होते. जन्म खिळे, स्क्रू, बिजागऱ्यांत गेलेल्या माणसाचे हात आहेत म्हटलं, उगाच नाही. केंद्रात आजवर एवढ्या झपाट्याने कुठल्याच डोळस माणसाने सांगितलं नव्हतं. बाई मागे बसल्या होत्या. त्यांचं विणकाम थांबलं होतं, हे मला नंतर आठवलं.

पट्टी सोडली. बाबांनी ती हातात घेतली, नीट घडी केली आणि माझ्या पुढ्यात धरली. ट्रेकडे पाहिलंच नाही.

ते तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. मी पुढचं काम सुरू केलं. डोळसांना शेवटी त्याच वस्तूंचे छापील फोटो दाखवून नावं विचारायची असतात. कुणी गाळणीला गाळणं म्हणतं, कुणी आणखी काही, तेवढा ताळमेळ घालायला. अगदी बालवाडीतलं काम. मी शिट्टीचं कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

बाबा हसले. “फोटो काढणाऱ्याचा हात हलला वाटतं.”

दुसरं कार्ड धरलं.

“हे मघाचंच की.”

“गाळणी दिसतेय, नाही का गं?” आई दारातून म्हणाली. तिसरं धरलं तर पुन्हा आईच म्हणाली, “चावी किती मोठी काढलीय!”

“आई, परीक्षा त्यांची आहे. तू कशाला कॉप्या पुरवतेस?” मी म्हटलं. आणि आईचा चेहरा असा उतरला, की माझा हात कार्डासकट तसाच वर राहिला.

बाईंनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुझ्या वडिलांची नजर कधी गेली?”

मी म्हटलं, “कुणाच्या वडिलांची?”

“तुझ्या.”

“बाई, ते दुकान चालवतात. आत्ता तुमच्या कपाटाची कडी बसवली त्यांनी.”

“कडी मीही बसवीन. हे बघ, डोळस माणूस वस्तू हातात घेतो आणि थांबतो. आत चित्र काढतो, मग नाव घेतो. तेवढा वेळ हात गप्प असतात. मी इतकी वर्षं ते गप्प होणं ऐकतेय. तुझ्या वडिलांचे हात थांबलेच नाहीत. आणि आधी ट्रेची सीमा कोण बघून घेतं? आम्ही बघतो.” त्यांनी माझा दंड धरला. “मी चुकत असेन तर मला पुन्हा एक जिराफ आणून दे.”

मी हसले. खरंच हसले. आणि मग दार उघडून आई-बाबा बाहेर आले. आई अर्धं पाऊल पुढे, तिच्या खांद्याला पिशवी, आणि पिशवीचा बंद बाबांच्या मुठीत. दुसऱ्या हाताची बोटं उलटी करून ते भिंतीला हलकेच लावत चालत होते. दादा, हे दृश्य मी रोज बघते! या वयातही काय ही जोडी, पिशवीसुद्धा दोघांत एक, असं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंय. व्हरांड्याला एक पायरी आहे. आई म्हणाली, “सांभाळ गं, पायरी आहे.” मला म्हणाली. मी पायरीपासून लांब, भिंतीला टेकून उभी होते.

मी तिथेच खाली बसले.

* * *

काल इथवर लिहिलं आणि पुढे लिहवेना. आज सकाळी पुन्हा बसले आहे.

त्या दिवशी बाबा दुकानात गेल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. गॅस बंद केला, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“मला माहीत नसेल तर कुणाला? बायको आहे मी त्यांची.”

आधी बाजूचं दिसेनासं झालं म्हणे. मग नळीतून बघितल्यासारखं. मग तेही विरत गेलं. डॉक्टरकडे एकदा गेले होते दोघं, आपल्याला न सांगता. यावर इलाज नाही, असं कळलं तेव्हा बाबांनी आईकडून शब्द घेतला, की मुलांना आणि गिऱ्हाइकांना कळता कामा नये. दुकानातली एकेक डबी, एकेक खण त्यांच्या हातांना पाठ होता. गल्ल्यावर आई बसायला लागली. आपल्याला वाटलं, तिला घरी करमत नाही.

आणि घरात काय काय चालायचं, दादा! खुर्ची जागची हलली की आई आपल्यावर करवादायची, आठवतं? आपण म्हणायचो, आईला टापटिपीचं वेड लागलंय. कुणी आलं की ती दारातूनच ओरडायची, “अय्या, काका आलेत! निळा शर्ट छान दिसतोय हं!” आपण म्हणायचो, हिला आवाज कमी करायचं बटणच नाही. सांभाळ पायरी, सांभाळ दार उघडं आहे, सांभाळ खाली बादली आहे. सगळं माझ्या नावाने. मी कितीदा तिच्या अंगावर ओरडले असेन, की मी काय आंधळी आहे का म्हणून.

आईने या घराला वाचा दिली होती आणि मला वाटत होतं, ती कटकट करतेय.

मग मी तिला विचारलं, ते तुलाही आता विचारावंसं वाटत असेल. “आणि दादा फोटो घेऊन आला होता त्या दिवशी?”

ती खालीच बसली. “त्या दिवशी मी घरात नव्हते ना गं. मावशीच्या ऑपरेशनसाठी गेले होते. मी असते तर दारातूनच ओरडले असते, फोटो आणलाय का रे बाळाचा!”

दादा, त्या सकाळचं तू मला जे सांगितलंस, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. वहिनी अजून दवाखान्यात होती. मुलगी झाल्याचं तू फोनवर कळवलं होतंस आणि फोटो हातात देऊन बाबांचा चेहरा बघायचा, म्हणून रात्रभर प्रवास करून आला होतास. बाबा टेबलाशी चहा घेत होते. तू काही न बोलता फोटो त्यांच्या हातात ठेवलास. त्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, “असले आपल्याकडे ढिगाने पडलेत.” मग तो टेबलावर टाकला आणि वर चहाचा कप ठेवला.

मुलगी झाली म्हणून, असं तू म्हणालास. मीही तेच धरून चालले. दुसरा काय अर्थ निघत होता?

हा निघत होता. बिजागऱ्यांच्या कंपनीचा माणूस दर महिन्याला नव्या मालाची कार्डं टाकून जातो. जाड, गुळगुळीत, बरोबर तळहाताएवढी. त्या सकाळी दार उघडंच होतं, पावलं वाजली, कुणी काही बोललं नाही आणि हातात गुळगुळीत कागद आला. बाबांना वाटलं, तोच माणूस आलाय.

जगातली कुठलीही वस्तू त्या हातांत द्या, ते ओळखतात. गाळणीची सुटलेली तारसुद्धा सांगतात. पण फोटोला हाताशी बोलता येत नाही रे. छकुली असो की बिजागरी, बोटांना दोन्ही सारखीच गुळगुळीत.

तू पाय आपटत निघून गेलास तेव्हा त्यांना वाटलं, कंपनीचा माणूस रागावला. तसं त्यांनी संध्याकाळी परतलेल्या आईला हसत सांगितलंही. आईने टेबलावरचा कप उचलला.

ती म्हणते, त्यानंतर त्यांनी तो फोटो कितीतरी वेळ हातात धरला होता. कपाचं ओलं वर्तुळ तेवढं बोटांना लागत होतं.

“मग त्याच दिवशी सांगून का नाही टाकलं?” मी ओरडलेच.

“मी म्हटलं ना! पाया पडले त्यांच्या. तर म्हणाले, आंधळा म्हणून माफ करेल तो मला. तसली माफी मला नको. मग रोज त्याला फोन करायचे. तो उचलायचा नाही. पुढे पुढे घंटा वाजू देऊन आपणच ठेवून द्यायचे.”

मला बाबांचा राग आला, खोटं कशाला सांगू. इतका आला, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि माझं न बोलणं म्हणजे त्यांच्यासाठी मी घरातच नसणं, हे माझ्या ध्यानात आलं. मग मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, “मी आहे.”

“कळलं,” ते म्हणाले. “तुझ्या त्या बाई हुशार आहेत. एवढी गिऱ्हाइकं आली-गेली, एकाला संशय आला नाही.”

“पण बाबा, तुम्ही बसलातच कशाला त्या खुर्चीत?”

“पट्टी बांधलेली असली, की आपण कुठे बघतोय हे कुणी बघत नाही गं. तेवढाच आराम.”

नव्याने तपासून घेऊ या, म्हणून मी मागे लागले आणि काल त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काय कळलं, ते पहिल्या ओळीतच लिहिलंय. पण तेवढंच कळलं, असं नाही. सुरुवातीपासून मी या एका गोष्टीला वळसा घालतेय. छकुलीचं ते दिवेलागणीचं विचारलं ना, ते असंच नव्हतं.

सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “मुलं किती तुम्हाला?”

बाबांनी सांगितलं, एक मुलगा, एक मुलगी.

“हा आजार घराण्यात उतरू शकतो. उतरतोच असं नाही. पण दोघांचेही डोळे तपासून घ्या. नातवंडं असतील तर त्यांचेही.”

मी तिथल्या तिथे तपासून घेतलं. माझ्यात काही नाही. हे लिहितानाही मला चोरट्यासारखं वाटतंय.

बाबा खुर्चीतून उठलेच नाहीत. घरी आल्यावर जिन्यात थांबले आणि म्हणाले, “मलाही आधी संध्याकाळचंच दिसेनासं झालं होतं. तो अंधार पडल्यावर गाडी चालवतो का, विचार.”

मी त्यांना सांगितलं नाही, दादा. वहिनी मागे फोनवर हसत म्हणाली होती, की हे हल्ली दिवस मावळला की गाडीची किल्ली माझ्याच हातात देतात, आळशी झालेत नुसते. मी तेव्हा तिच्याबरोबर हसले होते. काल जिन्यात मला ते आठवलं आणि मी कठडा धरला.

कदाचित तो आळसच असेल. तसंच असू दे. पण तपासून घे. लगेच घे. दुखत नाही, थेंब घालतात आणि एका यंत्रात बघायला लावतात. छकुलीलाही ने. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं तर निदान माणूस आपल्या मनाची आणि घराची तयारी करतो, लपवण्यात आयुष्य घालवत नाही. हे ते बाबांसमोर म्हणाले. बाबांनी मान हलवली.

आता पुढचं. मी म्हटलं, मी दादाला कळवते. तर बाबा म्हणाले, “नाही. माझ्याकडून गेलेलं असेल तर माझ्या तोंडून त्याला कळलं पाहिजे.” मी विचारलं, “आणि त्याने दार लावून घेतलं तर?” म्हणाले, “लावू दे. दाराबाहेरून सांगेन.” म्हणजे दादा, जे इतकी वर्षं स्वतःसाठी बोलले नाहीत, ते आता बोलायला निघालेत. तुला आधी काही कळवायचं नाही, अशी ताकीद आहे मला. पण या घरात शब्द पाळून काय झालं, ते मी आत्ताच पाहिलंय. म्हणून हे पत्र आज कुरियरने टाकतेय, शुक्रवारी तुला मिळेल.

आम्ही दोघं रविवारी सकाळच्या गाडीने पोचतो. आई दुकान बघणार आहे. स्टेशनवरून रिक्षाने येऊ, घ्यायला येऊ नकोस. तुमच्या इमारतीत बाबा कधी आलेले नाहीत. जिना, वळण, दार, सगळं नवं. पण घंटा तेच वाजवणार, मला हात लावू देणार नाहीत. मी मागे उभी राहीन आणि तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

राग असेल तर असू दे, तो एका पत्राने जाणार नाही, हे मला माहीत आहे. तुला त्यांना काय म्हणायचं ते म्हण. ओरडलास तरी चालेल. फक्त दार उघडून गप्प उभा राहू नकोस. आधी तू बोल.

तुझ्या आवाजाची वाट बघणारी,
तुझी धाकटी